बंद करण्याआधी एक मिनिट

मल्लेश्वरम, रविवार

प्रिय भव्या,

आशीर्वाद शेवटी देते, आधी ऐकून घे. फोन केला की तू "अज्जी, मीटिंग आहे" म्हणतेस, आणि इथे माझा नवरा, म्हणजे तुझे ताता, पेपर तोंडापुढे धरून कान माझ्या फोनला लावून बसतात. वाचत काही नाहीत, पान उलटायचं विसरतात. म्हणून हे लिहिते आहे. समोरच्या अभिमन्यूचं ऑफिस तुझ्याच बाजूला महादेवपुऱ्याला आहे, त्याच्याकडे लोणच्याच्या बरणीबरोबर देते. बरणी फुटली तरी चालेल, कागद पोचला पाहिजे.

बातमी अशी की गाडीचा टर्बो पुन्हा गेला. पहिल्यांदा गेला तेव्हा तू नुकती गाडी चालवायला लागली होतीस, आणि ताता घरभर पाहुणे बसलेले असताना म्हणाले, पोरीच्या हातात दिली म्हणून वाट लागली. तू काही बोलली नाहीस. किल्ली चपलांच्या रॅकवर ठेवलीस आणि त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाहीस. कॉलेजची सगळी वर्षं ह्या घरात माझ्या हातचं जेवलीस, मग उठून सर्जापूर रोडला मैत्रिणींबरोबर राहायला गेलीस. ऑफिस जवळ पडतं हे कारण खरं आहे, पण पुरतं नाही, एवढं मला कळतं. सणाला येतेस. ताता विचारतात, काय, बरं आहे ना. तू म्हणतेस, हो. संपलं. दोघं एकाच सोफ्यावर बसता आणि मधून बस जाईल एवढी जागा सोडता. तर सांगायचं ते हे, की ह्या वेळी टर्बो गेला तेव्हा तुझा हात त्या गाडीला लागून वर्षं झाली होती. मग आता वाट कुणी लावली? घरात गाडी चालवणारं दुसरं कोण आहे, मी?

त्या गाडीचं कौतुक तुला पाठ आहे, मला तुझ्याहून जास्त. बाराशे अठ्ठेचाळीस सीसी, चार सिलिंडर, पंचाहत्तर घोडे. इंजिनच्या आत पट्टा नाही, चेन आहे, वाटेत तुटायची धास्ती नाही. डिझेल नुसतं हुंगते आणि पळते. आणि सगळ्यात मोठा मान म्हणजे देशातल्या पाच-सहा कंपन्यांनी आपापल्या गाडीत हेच इंजिन घातलं. ताता पाहुण्यांना सांगायचे, कुणाच्याही गाडीचं बॉनेट उघडा, आपल्याच घरचं माणूस बसलेलं दिसतं. मी म्हणायची, घोडे पंचाहत्तर आहेत खरे, पण हाकणारा गाढव एकच आहे. तू तेव्हा ताटात तोंड घालून हसायचीस.

तर आम्ही येलहंक्याला लग्नाला निघालो होतो. मी मागे, मांडीवर फळांचं ताट, आणि हेब्बाळच्या फ्लायओव्हरवर चढता चढता गाडीचा जीवच गेला. पाय दाबला तरी पळेना. मागे एवढा निळा धूर, की कुणीतरी होळी पेटवली असं वाटावं. बाईकवाला पोरगा खिडकीशी येऊन म्हणाला, "अज्जा, गाडी आहे का डास मारायचं यंत्र?" ताता म्हणाले डिझेलात भेसळ आहे. मग म्हणाले चढ फार आहे. मग सरकारवर आले. मी ताटातलं एक केळं सोलून खाल्लं. लग्न तर बुडालंच होतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात कृष्णमूर्तीनं रबराचा पाईप काढला तर आतून तेल ठिबकत होतं. टर्बोचा पंखा बोटानं हलवला तर लहान मुलाच्या पडायला आलेल्या दातासारखा डुगडुगला. त्यानं तातांना विचारलं, सर, गाडी बंद करायच्या आधी रेस देता का? ताता छताकडे बघायला लागले. छताला एक जुना टायर टांगला होता, त्यात एवढं बघण्यासारखं काय होतं देव जाणे. मग मीच म्हटलं, रोज देतात. बस चालवायचे तेव्हापासून देतात. गेटशी आले की एकदा भ्रूंम करायचं आणि मग चावी फिरवायची. त्याच आवाजावर मी तवा ठेवते. माझ्या लेखी तो आवाज म्हणजे कुकरची शिट्टी, त्यानं काही मोडतं हे मला काय ठाऊक? कृष्णमूर्ती कपाळाला हात लावून हसला. म्हणाला, अक्का, जुन्या बसला ते चालून जायचं. ह्याच्यात आतला पंखा भिंगरीच्या हजारपट फिरतो, तापून लाल होतो, आणि त्याला जगवतं ते फक्त तेल. रेस देऊन फट्टकन बंद केलं की पंखा फिरतच राहतो आणि तेल मात्र थांबतं. कोरडा घासतो. रोज थोडा थोडा.

तेव्हा मला आठवलं. तू गाडी घेऊन यायचीस तेव्हा माझा डोसा नेहमी उशिरा व्हायचा. कारण भ्रूंम व्हायचंच नाही. खाली गाडी नुसती गुरगुरत राहायची, मग गपकन शांत, आणि तू दारात उभी. मी तुझ्यावरच ओरडायची, मांजरासारखी काय येतेस म्हणून.

घरी यायला रिक्षा केली. मल्लेश्वरमचं वळण आलं तेव्हा ताता बाहेर बघत म्हणाले, "भव्यानं सांगितलं होतं." मी विचारलं, काय? तर म्हणे, रेस देऊ नका, टर्बो जाईल, असं तिनं मला गाडीत सांगितलं होतं. आणि मी तिला म्हटलं, मला शिकवू नको. रिक्षावाल्याला सुट्टे दिले आणि वर गेले. म्हणजे तुला तेव्हापासून माहीत होतं, आणि पाहुण्यांसमोर तू गप्प राहिलीस. तू तोंड उघडलं असतंस तर त्यांची अब्रू गेली असती. ती तू राखलीस आणि राग मात्र धरून बसलीस. सगळ्या गोष्टी जमतात बाई तुला.

माणूस वरमला की शहाणा होतो असं समजू नको. ताता म्हणाले टर्बो मीच आणणार. मला घेऊन जे. सी. रोडला गेले, दहा दुकानं फिरले, आणि जुना पण चांगला म्हणून एक उचलला. दुसऱ्या कंपनीच्या गाडीचा, पण इंजिन तेच, असं म्हणून दुकानदाराला त्यांनीच भाषण दिलं. पेपरात गुंडाळलेली ती लोखंडी गोगलगाय माझ्या पिशवीत. मेट्रोत पिशवी मशिनीतून गेली तर शिपाई ओरडला, हे काय आहे? ताता छाती पुढे काढून म्हणाले, "टर्बो!" जसा काही नातू झाला. त्या शिपायाला सीसी, घोडे, चेन, सगळं सांगून झालं, मागे रांग लागली, शेवटी तो हात जोडून म्हणाला जा अज्जा, जा. आणि गॅरेजात बघतात तर काय, तो नव्वद घोड्यांच्या गाडीचा निघाला. इंजिन तेच, पण त्याच्या टर्बोला पाती हलवायचं वेगळं यंत्र असतं, आणि ते कसं चालवायचं हे आपल्या गाडीच्या कॉम्प्युटरला माहीत नाही. पाईपही जुळेनात. घर एक असलं म्हणून काय झालं. तुम्हा दोघांना मी रोज बघितलं आहे. तेच इंजिन, तोच आवाज, तोच हट्ट, पण एकाचं दुसऱ्याला बसत नाही. परत जाऊन बदलून आणला. ह्या वेळी कृष्णमूर्तीला बरोबर नेलं.

आता गाडी बरी आहे. त्यानं आतली काजळी काढली. म्हणाला, सिग्नल ते सिग्नल चालवून धुराच्या नळीत नुसती राख साठते, अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पळवा. पण पळवणार कोण? तातांना पावसाळ्यापासून नीट दिसत नाही. मला सांगत नाहीत, पण आमटी समजून दुसऱ्यांदा ताटात ताक ओतून घेतलं तेव्हा मी समजले. गाडी गेटबाहेर काढत नाहीत. संध्याकाळी खाली जातात, चालू करतात, थोडा वेळ तशीच ठेवतात. मग हात मांडीवर घेऊन, रेस न देता, एक मिनिट बसून राहतात आणि बंद करतात. भ्रूंम होत नाही. पंचेचाळीस वर्षांची सवय आहे भव्या, पाय शिवशिवत असणार. मी खिडकीतून बघते, काचेतून गुडघा वर आलेला दिसतो आणि परत खाली जातो. माझा तवा आता रोज चुकतो.

आणि आज सकाळी एक विचित्र गोष्ट बघितली. छत्री गाडीत राहिली होती म्हणून गेले, तर ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली. आरसाही खाली वाकवलेला. तातांचे पाय केवढे लांब, तिथे बसले तर गुडघे नाकाला लागतील, तुझ्या उंचीला मात्र बरोबर. विचारलं तर म्हणाले, सुम्ने, उगाच, साफ करताना सरकली असेल. साफ कोणी केली? मी नाही केली.

आता हे का लिहिलं ते. काल आम्ही डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मोतीबिंदू पिकला आहे, येत्या गुरुवारी काढायचा, त्याच दिवशी घरी सोडतात. नर्सबाईनं विचारलं, डोळ्याला पट्टी असेल, घरी कोण नेणार? मी टॅक्सी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात ताता म्हणाले, "नात येईल. गाडी फार चांगली चालवते." नर्स नुसती सरी, बरं, म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली, तिला काय त्याचं. पण मी त्या बाकावर बसून ऐकलं. तुझ्यासमोर म्हणायला त्यांना अजून किती वर्षं लागतील सांगता येत नाही, आणि तेवढी वर्षं आम्हा दोघांकडे असतील असं मी धरून चालत नाही. तुला विचारलेलंही नाही त्यांनी, हे मला माहीत आहे. तरी गुरुवारी सुट्टी काढ. किल्ली चपलांच्या रॅकवरच आहे, तू ठेवलीस तिथेच आणून ठेवली आहे, मी नाही, त्यांनी. सकाळी चालू करताना क्षणभर खळखळेल, तेल चेनपर्यंत चढेस्तोवर, घाबरू नको. खळखळ थांबलीच नाही तर मग घाबर. आणि दवाखान्यातून परत आलात की गेटशी लगेच बंद करू नको. तुझ्या पद्धतीनं एक मिनिट चालू ठेव. तातांना जे बोलायचं आहे ते त्या एका मिनिटात बोलतील, कारण पट्टी बांधलेली असेल, तुझ्याकडे बघावं लागणार नाही. नाही बोलले तर बंद कर आणि हाताला धरून वर घेऊन ये. मी खिडकीत असेन. आवाज थांबला की तवा ठेवते.

आता आशीर्वाद घे, आणि बरणी परत आण.

तुझीच, आणि काय करणार, त्यांचीही,
अंबू अज्जी