फ्रेम सरळ आहे की वाकडी

तारनाका, हैदराबाद
३ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. त्रिवेणीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळे ठीक आहे. थंडी ओसरली. माझी रक्तदाबाची गोळी चुकत नाही. जावईबापूंच्या आईंचा गुडघा आता कसा आहे ते कळव.

मागच्या रविवारी सकाळी पूजा झाल्यावर हाराच्या दोऱ्याचे रीळ घेऊन मी अंगणात गाडीजवळ उकिडवा बसलो. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी दोरा काढला आणि पुढच्या चाकापर्यंत ताणला. दोन्हीकडे सारखी फट राहिली तर फ्रेम सरळ, असे महबूब मिस्त्रींनी सांगितले होते. एका बाजूला बोट शिरेना, दुसऱ्या बाजूला दोन बोटे सहज जात होती. भिंतीपलीकडून अप्पाराव बघत होते. आर.टी.सी.च्या बससेवेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरे काम नाही. म्हणाले, "एकनाथराव, गाडीला राखी बांधायलात का?"

तुझे पत्र येऊन पंधरवडा झाला. मधे एकदा कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथमध्ये गेलो होतो, पण समोर लाल आकडे पळू लागले की मला बोलणे सुचत नाही. म्हणून लिहितो आहे. तू विचारलेस, "बाबा, खरे सांगा, गाडी द्यायची नाही का? नसेल तर तसे म्हणा, फ्रेमचे निमित्त कशाला?"

निमित्त नाही, बाळ. निदान मला तसे वाटत नव्हते.

इथे कॉलनीतली पोरे हप्त्यावर नव्या चकचकीत गाड्या आणतात, आणि पुण्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माझ्या जावयाला माझी जुनी बीएसए मोटारसायकल हवी, याचे मला नवल वाटते. मी तिला जुनी म्हणतो, ते विंटेज म्हणतात. मासिकातल्या चित्रात आहे तशी, साईडकार काढलेली हवी, असे त्यांनी सांगितले. मला आनंदच झाला. दसऱ्याला दोन्हींना हळदकुंकू लावले आणि दुसऱ्या दिवशी साईडकार सोडवून शेडमध्ये ठेवली. मग इंजिन उघडले, रंग दिला, कोठीच्या बाजारातून नवा दिवा आणला. गाडी अशी दिसू लागली की ऑफिसातले साहेब कार थांबवून बघून गेले.

आणि चालवायला घेतली तर ती डावीकडे जाऊ लागली.

थोडीथोडकी नाही. पहिल्याच दिवशी मी दूधवाल्याच्या सायकलीवर जाणार होतो. चाके तपासली, बेअरिंगे बदलली, टायर नवे घातले. तरी तेच. तेव्हा गौलीगुड्याला महबूब मिस्त्रींकडे नेली. त्यांनी एक डोळा मिटून मागून पाहिले. "साब, इत्ते साल बाजू में बोझा खींची ना, चासी खिंच गई. गरम करके सीधी कर देतूं." चासी म्हणजे फ्रेमच, गाडीचा सांगाडा. तिथेच यादगिरी नावाचा दुसरा मिस्त्री चहा पीत उभा होता. तो म्हणाला, "एम कालेदु सार, काही झालेलं नाही. गरम नक्को करो. लोहा एक बार गरम हुआ तो भरोसा नहीं." दोघांचे तिथेच जुंपले. मी दोघांच्या चहाचे पैसे देऊन गाडी ढकलत निघालो.

आता सांग, मी काय करावे? वाकडी असेल आणि तशीच पाठवली, तर तुम्ही दोघे तिच्यावर बसून सिंहगडच्या उतारावरून येणार. सरळ असेल आणि मी ती तापवून घेतली, तर चांगली फ्रेम मीच नासवली. रोज संध्याकाळी देवापुढे बसायचो आणि मनात गाडीच यायची. एकदा वाटले, गावाकडे लावतात तसा कौल लावावा. पण लोखंडाचे देवाला काय विचारायचे? त्याने मला डोळे दिले आहेत, दोरा दिला आहे.

तर तो दोरा. मी फ्रेम वाकडी आहे असे ठरवून उठलो, तेवढ्यात हातातले रीळ निसटले आणि घरंगळत मोरीपर्यंत गेले. अंगणाला मोरीकडे उतार आहे, त्रिवेणी. मीच गवंड्याच्या मागे लागून तो करून घेतला होता. उतारामुळे हँडल आपोआप तिकडे वळत होते आणि मी त्या वळलेल्या चाकाची फट मोजत होतो. रस्त्यावर सपाट जागी उभी करून पुन्हा दोरा लावला. यावेळी दोन्हीकडे सारखीच फट वाटली. डोळे बारीक केले की थोडी कमीजास्तही वाटली.

अप्पारावांना माझी दया आली असावी. चप्पल घालून आले आणि म्हणाले, "चला, विद्यापीठाकडं जाऊ. रस्ता मोकळा असतो."

तिथे आधी ते एकटे चालवून आले. गाडी ओळंब्यासारखी सरळ गेली. परतताना त्या गृहस्थाने एक हात सोडून मला सलाम केला. मग मी बसलो. थोडे गेलो आणि गाडी डावीकडे, थेट कडेच्या मातीत.

"फ्रेम नका बदलू," अप्पाराव म्हणाले, "चालवणारा बदला."

मला राग आला. म्हटले, मागे बसा आणि स्वतः बघा. ते बसले. माझ्या खांद्यावरून बघत राहिले. जरा वेळाने त्यांनी माझ्या उजव्या दंडाला हात लावला. थट्टा करत नव्हते. "एकनाथराव, हँडल सारखं उजवीकडं का दाबायलात? डावीकडून कोण ओढायलंय तुम्हाला?"

मी गाडी थांबवली. त्यांना म्हटले, जरा उन्हात बसू.

तुला हे ठाऊक नसेल, कारण तू नेहमी आत बसलेली असायचीस, आईच्या मांडीवर. साईडकार लावली की गाडी सदा डावीकडे ओढली जाते. चालवणारा हँडल उजवीकडे धरून ती ओढ तोडत राहतो. पुढे पुढे आपण हे करतो आहोत हेही त्याला कळत नाही. आणि दोनच चाकांवर उलटे असते. हँडल असे उजवीकडे दाबले की गाडी डावीकडे कलते. तू झालीस तेव्हा आईच्या कंबरेने दगा दिला, मागे बसणे तिला जमेना, म्हणून मी साईडकार बसवली. दवाखाना, देऊळ, तुझी शाळा, बाजार. इतकी वर्षे माझे हात तेच करत आले.

इथवर वाचून तू म्हणशील, पण बाबा, आई जाऊन तर तीन वर्षे होत आली.

म्हणून आता ते लिहितो, जे तुला सांगितले नव्हते. रिकामी साईडकार डाव्या वळणावर उचलली जाते. आई गेल्यावर पहिल्यांदा ऑफिसला निघालो तेव्हा कोपऱ्यावरच ती उचलली आणि माझा धीर सुटला. सगळे म्हणाले, आत वजन ठेवा, सगळेच ठेवतात. मी वाळूचे पोते भरून आईच्या जागी ठेवले. त्यावर तिची चादर घातली, कारण उघडे पोते बघवत नव्हते. या दसऱ्यापर्यंत ते पोते माझ्याबरोबर रोज ऑफिसला आले. शनिवारी मारुतीच्या देवळातही आले. खड्डा दिसला की मी वेग कमी करायचो. पोत्याला कशाचा त्रास होणार? पण करायचो. कधी तोंडातून "सांभाळ" असेही जायचे. आदल्या वर्षी तू दिवाळीला आलीस तेव्हा मी ते शेडमध्ये लपवले होते.

तेव्हा गाडीला ओढ कशाची होती, मला ठाऊक नाही. थोडी फ्रेमचीही असेल. महबूब मिस्त्री काही खोटे बोलणारा माणूस नव्हे. पण बरीचशी माझीच होती. आणि एवढे दिवस मी तुम्हाला लिहीत होतो की फ्रेमचा निकाल लागला की पाठवतो. निकाल लागूच नये असे मला वाटत होते का? त्या दिवसापासून विचार करतो आहे. नक्की उत्तर सापडत नाही. मागच्या पत्राखालीही मी सवयीने "आई-बाबा" असे लिहून गेलो. पाकीट पेटीत टाकल्यावर लक्षात आले.

फ्रेम तापवली नाही. ती सरळ आहे असे मी लिहून देत नाही, वाकडी आहे असेही नाही. अप्पारावांच्या हाती ती सरळ चालली, एवढे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. जावईबापूंनी तिकडे चांगल्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्यावी आणि तोवर तू मागे बसू नयेस. ही माझी अट समज.

शनिवारी सकाळी देवाला नमस्कार करून अप्पारावांना बोलावले. गाडी त्यांनीच चालवली, मी मागे बसलो. सिकंदराबाद स्टेशनवर टाकीतले पेट्रोल काढले, गोणपाट गुंडाळून गाडी पुण्याला पार्सल केली. पावती सोबत ठेवली आहे. ती दाखवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, जपून ठेव.

बसने घरी आलो. चादर धुऊन वाळत घातली. मग पोते ओढत अंगणात आणले, तोंड सोडले आणि गाडी उभी असायची त्या जागी वाळू पसरली. हाताने सारखी केली. तेवढा तुकडा आता सपाट दिसतो. पावसाळ्यात वाहून मोरीत जाईल. जाऊ दे.

तुझे,
बाबा