नक्कल थांबली

८ ऑक्टोबर, मंगळवार

आई-बाबा दोघंही पहाटेपासून ओकतायत. कॉलेजात निरोप दिला आणि धावत गेले. बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसलेले, चेहरा चुन्यासारखा. काय खाल्लंत विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, काल टेकडीवरची अळंबी."

दर वर्षी आणतात. शिवणकामाचं दुकान बंद करून मशीन विकल्यापासून सकाळी फिरायला जायचं आणि येताना काहीतरी उचलून खिशातून आणायचं, हाच त्यांचा उद्योग. यंदा पाण्याच्या टाकीमागे नवी जागा सापडली म्हणे. "काय टपोरी होती!" आईला बुळबुळीत लागली, तिने दोनच घास खाल्ले. बाबांनी पातेलं पुसून खाल्लं.

शेजाऱ्यांच्या गाडीतून दोघांना दवाखान्यात आणलं. सलाईन लावलंय.

९ ऑक्टोबर

बाबांना आज पुष्कळ बरं वाटतंय. उलट्या थांबल्या. वॉर्डबॉयच्या पॅंटची शिवण उसवलीय हे पडल्या पडल्या त्यांना दिसलं! "इकडे ये, सुई-दोरा आण."

आणि तरीही डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरलेला. परत परत एकच विचारत होत्या — जेवल्यावर लगेच त्रास झाला का? नाही, झोप झाल्यावर, पहाटे. "लगेच झाला असता तर मला बरं वाटलं असतं. उशिरा त्रास देते तीच अळंबी जीवघेणी," म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन विषाचं नाव सांगितलं. अमॅनिटिन.

मला ते नाव माहीत आहे. दर वर्षी बारावीच्या मुलांना सांगते. डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरवणारं जे एन्झाइम, आरएनए पॉलिमरेज, त्याला जाम करणारं विष कोणतं? योग्य पर्याय निवडा. एक मार्क. मुलं कोरसमध्ये ओरडतात.

ते अळंबीत असतं हेही सांगते. कधी कुणाच्या पोटात जातं हे डोक्यातच आलं नव्हतं.

१० ऑक्टोबर

बाबा घरी जायचं म्हणून हटून बसले. "मला काय धाड भरलीय? खाट अडवून ठेवलीय नुसती." आई पलीकडच्या खाटेवरून बघत होती. ती सुधारतेय, खरोखर सुधारतेय. दोन घासांनी वाचली. कुणाशी बोलत मात्र नाही.

शेवटी मीच म्हटलं, बाबा, तुम्ही बरे झालेला नाहीत.

"मग काय झालंय ते नीट सांग. त्या बाई इंग्रजीत पुटपुटतात. तू इतकी वर्षं शिकवतेस ना हेच सगळं? मी कधी विचारलं नाही. आज विचारतो."

सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. की प्रत्येक पेशीच्या आत एक बंद खोली असते, तिथे डीएनए राहतो. दोन लांबच लांब धागे एकमेकांभोवती पिळलेले, मध्ये अक्षरांच्या जोड्या. ए समोर टी, जी समोर सी, दुसरं कुणी चालत नाही. शरीरात जे जे बनतं त्याचा मजकूर त्या जोड्यांच्या क्रमात असतो. पण तो धागा खोलीबाहेर कधी येत नाही.

"म्हणजे आमचा कपडे बेतायचा मूळ खाका कपाटात. गिऱ्हाइकाला काय, कारागिरालासुद्धा द्यायचा नाही."

हो. म्हणून नक्कल करतात. ते एन्झाइम येऊन बसतं, पिळाचा थोडासाच भाग उघडतं —

"चेन उघडते तसा?"

तसाच. एका धाग्यावरून सरकत जातं. समोर टी दिसला की ए लावायचा. जी दिसला की सी. ए दिसला की मात्र टी नाही, यू लावायचा. मागून चेन आपोआप लागत जाते. बाहेर पडते ती एकेरी पट्टी, आरएनए. ती खोलीबाहेर जाते, तिच्यावरून प्रथिनं विणली जातात. पट्टी कच्ची असते, लवकर विरते. म्हणून नवी नवी सतत लागते.

बाबा छताकडे बघत ऐकत होते. "आणि ही अळंबी?"

तिचं विष त्या एन्झाइमच्या सांध्यात जाऊन बसतं. मिनिटाला हजारो अक्षरं लावायचं, ते आता दोन-चार लावतं. नक्कलच थांबते. सगळ्यात आधी यकृतात, कारण विष तिथेच शिरतं.

"म्हणजे खाका शाबूत आहे."

शाबूत आहे बाबा.

"मग मला बरं का वाटतंय?"

यापुढचं काही सांगायचंच नव्हतं मला. पण बाबा डोळे रोखून होते. म्हटलं, आधीच्या पट्ट्या अजून संपल्या नाहीत. त्यांच्यावर चाललंय.

चादरीची शिवण बोटाने चाचपली. मग म्हणाले, "चांगलं शिकवतेस गं."

जिन्यात येऊन रडले.

११ ऑक्टोबर

डोळे पिवळे झाले.

१२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. औषधं चालू आहेत, पण यकृत हातचं गेलं. नवं बसवलं तरच. मृताचं मिळायला यादी आहे, यादी लांब आहे. जिवंत नातेवाइकाने आपल्या यकृताचा भाग दिला तर दोघांकडेही पुन्हा वाढतो. मी एकुलती एक. आईचं यकृत आधीच पोळलेलं. म्हटलं, मी देते.

बाबा चिडले. "काळजाचा तुकडा म्हणून वाढवलं, आता तुझ्याच काळजाचा तुकडा काढून घेऊ? लोक तोंडात शेण घालतील." मग मी चिडले. मग आई पहिल्यांदा बोलली — "घ्या हो. माझ्यासाठी घ्या. यंदा अजून अळंबी नाही आणलीत, असं मीच टोकलं होतं तुम्हाला." बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि बिनपाण्याची गोळी गिळावी तशी मान हलवली. "बरं. पण बेतशीर कापा म्हणावं. उरलं तर परत द्या."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. विजेची मीटर वाचायची ड्यूटी आटोपून तसाच येतो, खांद्याला पिशवी. त्याचा रक्तगट ओ आहे, कुणालाही चालणारा. त्याला माहीत आहे, मला माहीत आहे. मी विचारलं नाही. त्याने विषय काढला नाही. घरी परतताना एवढंच — "तुझं काही बरंवाईट झालं तर?" मनात म्हटलं, घाबरट.

१३ ऑक्टोबर

माझं रक्त जुळलं!! उद्या स्कॅन, परवा शस्त्रक्रिया.

बाबा भ्रमात जायला लागलेत. यकृत गेलं की रक्तातलं विष डोक्यात चढतं, असं होणारच, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला ओळखलं नाही. माझा हात बोटांनी मोजला, खांद्यापासून मनगटापर्यंत, हळू, नीट. "बाही पूर्ण ठेवायची ना, ताई? पुढच्या आठवड्यात न्या." मी म्हटलं, नेते.

१४ ऑक्टोबर

स्कॅनच्या आधी बायकांची एक तपासणी करतातच म्हणे. नर्सने बाटली दिली, मी दिली भरून. मग बराच वेळ कुणी बोलवेना. मग डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. अभिनंदन म्हणावं की नाही असा चेहरा.

मला दिवस गेलेत.

लग्नाला अकरा वर्षं झाली. सगळे उपाय करून, थकून, आम्ही तो विषयच बंद केला होता. आणि आता!

"तुमच्यावर शस्त्रक्रिया करता येणार नाही."

मी म्हटलं, मग काढून टाका. आजच काढा.

"काढलं तरी या आठवड्यात तुम्हाला कुणी टेबलावर घेणार नाही. आणि त्यांच्याकडे आठवडा नाही."

मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने म्हटलं. काढा म्हणते ना! वळले तर दारात नवरा. हातात माझ्यासाठी आणलेला चहा. सगळं ऐकलेलं.

चहा टेबलावर ठेवून निघून गेला.

१५ ऑक्टोबर

सकाळपासून नवरा फोन उचलत नव्हता. वाटलं, गेला. गेला तर गेला, मी तरी कोणत्या तोंडाने बोलावू? शेवटी सापडला रक्त तपासणीच्या रांगेत. बाही वर करून. सुई बघून चक्कर येणारा माणूस!

"पहाटेच नाव दिलं," म्हणाला. "स्कॅन झालं. आता एवढंच राहिलंय."

आधी का नाही बोललास?

"भीती वाटत होती."

आणि आता?

"आताही वाटतेय."

कालच्याबद्दल बोलायला तोंड उघडलं तर म्हणाला, "राहू दे. वडील आहेत तुझे. मीही असाच ओरडलो असतो." मग माझ्या पोटाकडे बघितलं. हात लावला नाही. रांगेत भर गर्दी होती.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चालेल. सकाळी घेऊ. धोका समजावून सांगितला, टक्केवारीत नगण्य वगैरे. त्याने सगळं कळल्यासारखी मान डोलवली. नंतर मला विचारलं, "नगण्य म्हणजे नाहीच ना?"

१६ ऑक्टोबर

दोघांनाही आत नेलं. आधी त्याला. घड्याळ, पाकीट, शर्ट माझ्या हातात दिलं. हिरव्या झग्यात अगदीच काडीपैलवान दिसत होता. आई पुढे झाली, त्याच्या गालावरून हात फिरवून तिने बोटं मोडली. तो लाजला. म्हणाला, "सासूबाई, सासऱ्यांना सांगा, दिवाणखान्यात मला कोपऱ्यात बसवायचे ना, आता आतच जाऊन बसतो." आई हसली! आठवड्याभरात पहिल्यांदा.

मला म्हणाला, "जेव काहीतरी. दोघांपुरतं."

दिवसभर बाकावर. आई माझ्या मांडीवर हात ठेवून. एकदा वाटलं, आत्ता या क्षणी माझ्या पोटात चेन उघडतेय, नक्कल उतरतेय, अर्धा खाका त्याचा, अर्ध्यात कुठेतरी बाबा. कुणी सांगितलेलं नाही, तरी चाललंय.

दिवे लागताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. टोपी काढून हसल्या. झालं! दोघंही ठीक. नवीन तुकड्याने टेबलावरच पित्त गाळायला सुरुवात केली म्हणे.

आईच्या गळ्यात पडले. चांगल्या चार पोळ्या खाल्ल्या.

१७ ऑक्टोबर

बाबांचा पिवळेपणा उतरतोय. अजून झोपलेत. नवरा जागा आहे, दुखतंय म्हणाला. बोलू देत नाहीत. काचेतून हात केला. त्याने बोटाने माझ्या पोटाकडे खूण केली आणि भुवया उंचावल्या — जेवलीस का? मी मान हलवली.

मुलगा झाला तर त्याच्यासारखा बारीक नको, असं ठरवलं. मग वाटलं, असू दे बारीक.

१८ ऑक्टोबर

पहाटे नवऱ्याला आतून रक्तस्राव सुरू झाला. परत आत नेलं. टेबलावरच तो गेला.

दुपारी बाबा शुद्धीवर आले. विचारतायत, जावईबापू कुठे आहेत.