लातूरला नेलेला हिरवा रंग

२ फेब्रुवारी
आजपासून रोज लिहिणार. मोठ्या संशोधकांच्या रोजनिश्या पुढं लोकांच्या कामी येतात.
विषय एकदा स्पष्ट लिहून ठेवतो. साधा उजेड मांसात जरा शिरला की अडतो. इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड, खोल जातो. तो शोषून घेणारा रंग शरीरात सोडला की आतली गाठ कापाकापी न करता कॅमेऱ्यात दिसंल. असा रंग मी बनवून राहिलो. पीएचडीचं सहावं वर्ष. घाईचं कामच न्हाई हे.

५ फेब्रुवारी
रोज लिहायचं जमलं न्हाई. विचार चालू होता.
गाईड महादेवप्पा सरांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, ताहेर, महिनाअखेर रिझल्ट दाखव, न्हाई तर रजिस्ट्रेशन रद्द. प्रेशर टाकून माझ्यातलं बेस्ट बाहेर काढून राहिले. लई विश्वास हाय त्यांचा.
हसीनाला सांगितलं न्हाई. दिवसभर शाळेत पोरं शिकवते, वर बायकोला कशाला टेन्शन.

११ फेब्रुवारी
लाइट गेली. कॉम्प्युटरवरचं कॅल्क्युलेशन मधेच मेलं. पण झालं तेवढ्यावरून रंग भारी निघणार असं दिसून राहिलं. उरलेलं कॅल्क्युलेशन मनातच पूर्ण केलं.

१७ फेब्रुवारी
झाला! चिमूटभर, पण हिरवागार!
रंग किती उजेड शोषतो ते मोजणाऱ्या आमच्या मशीनवर लावला. आलेख चढत गेला, चढत गेला, अन् मशीनची हद्दच संपली. मशीन माझ्यापुढं कमी पडलं. त्याच्या पुढचं दाखवणारं मशीन लातूरच्या एका कॉलेजात हाय. २४ तारीख मिळाली.

२३ फेब्रुवारी
सृष्टी, लॅबमधली ज्युनिअर, अर्धापूरची, मागंच लागली. सर, मोजायला सगळा विरघळवू नका, थोडा फ्रीझरमध्ये राहू द्या. उजेडानं मरतो हा रंग, बाटलीला फॉइल गुंडाळून न्या.
नव्या लोकांना भीती फार. सगळा विरघळवला. निम्मा मागं ठेवायचा म्हणजे स्वतःवर अविश्वास. फॉइल मात्र गुंडाळली, तिचं मन राखायला.

२४ फेब्रुवारी, सकाळ, बसमध्ये
खिडकीची सीट. शेजारी उदगीरचे वीरण्णा काका. विचारलं, हातात काय हाय? म्हणालो, कॅन्सर शोधणारा रंग. म्हणाले, बघू की.
फॉइल काढली. उन्हात धरली. काय दिसला! नुसता पाचू. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून बघितलं. काका म्हणाले, नाव काढलंस पोरा. लोह्याला नवे लोक चढले, त्यांनाही दाखवला. फॉइल सीटखाली कुठंतरी गेली. लोकांपर्यंत विज्ञान न्यायचं तर झाकून कसं चालंल?

२४ फेब्रुवारी, अहमदपूर स्टँड
बाटली पाण्यासारखी दिसून राहिली.
दोनदा हलवून बघितली. मग डोकं चाललं. दिसणारा रंग गेला, म्हणजे आता तो पूर्णपणे न दिसणाऱ्या उजेडातच काम करून राहिला! हेच तर पाहिजे होतं! जो दिसत न्हाई तोच खरा इन्फ्रारेड रंग.
स्टँडवरूनच हसीनाला फोन केला. म्हणालो, झालं.  ती म्हणाली, खरंच? आवाज ओला होता.

२४ फेब्रुवारी, लातूर
सरळ रेघ.
मशीनवाल्यानं विचारलं, सर, नुसतं पाणी आणलं का? पुन्हा लावायला सांगितलं. रेघ. मशीन बिघडलं असणार म्हणालो. त्यानं दुसऱ्या कुणाचा तरी रंग लावला, आलेख डोंगरासारखा चढला.
सृष्टीला फोन लावला. तिनं एवढंच विचारलं, सर, फॉइल?
म्हणालो, आवाज येत न्हाई, कटून राहिला.

२५ फेब्रुवारी
घरी पोचलो. दारात गर्दी. फोनचं ऐकून अम्मीनं कालच सगळ्या गल्लीत पेढे वाटले. शेजारची चाची गुडघा धरून बसलेली. म्हणाली, बेटा, आधी माझा बघ, आत काय झालं ते.
मी चपला काढत राहिलो. हसीनानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, अन् सगळ्यांना म्हणाली, थकून आलेत, उद्या या.
आत आल्यावर सांगितलं. उन्हानं रंग उडाला. रजिस्ट्रेशनचंही सांगितलं. तिनं विचारलं, थोडाही मागं ठेवला न्हाई? म्हणालो, न्हाई. पलंगावर बसून राहिली. मला वाटलं ओरडंल. ओरडली असती तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, गल्लीला सांगावं लागंल. तुम्ही सांगता?
म्हणालो, उद्या.
ती उठली, ओढणी घेतली, गेली. मी भिंतीला टेकून बसलो. पलीकडं तिचा आवाज ऐकू आला, यांचं जमलं न्हाई, चाची.
 चाची म्हणाली, असू दे. पेढे चांगले होते.