वर्ग ठरवण्यापुरती परीक्षा

१४ जानेवारी, सोमवार

शाळा बंद होणार! मुख्याध्यापक थिबोडो सरांनी सगळ्या पालकांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं. सलग तिसऱ्या वर्षी 'ड' शेरा. चार्टर शाळा म्हणजे शेवटी काय, सरकारने दिलेली सनद. गुण घसरले की सनद परत. जूननंतर आमची शाळा नाही.

एकच वाट आहे म्हणे. ती नदीकडची शाळा, 'अ' शेऱ्याची, जिथे बहुतेक गोऱ्यांचीच पोरं. त्यांना मोठी इमारत हवीय आणि त्यांच्या मंडळाला विविधता वाढवायचीय. आमच्याकडे इमारत आहे, आणि पोरं सगळी काळी, विविधता म्हणाल तर दुसरं काही नाहीच! दोन्ही शाळा एक करायच्या. अटी ठरवायला सात जणांची समिती, आमच्याकडून तिघं. त्यात मी.

हो म्हणून बसले खरी. दिवसभर डेंटिस्टच्या काउंटरवर लोकांची कटकट ऐकायची आणि संध्याकाळी ही. पण ओडेलसाठी. माझी पोर पाचवीत आहे आणि सातवीची गणितं सोडवते. वर्गात तिला शिकवण्यासारखं काही उरलं नाही म्हणून बाई तिला फळा पुसायला लावतात. तिला त्या शाळेत घालायचंच.

केझियालाही. केझिया माझ्या बहिणीची, अर्लीनची. अर्लीन भर समुद्रात तेल काढायच्या फलाटावर स्वयंपाक करते — दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. ती नसते तेव्हा केझिया आमच्याकडे. दोघी एका वर्गात, एका पलंगावर, एकीला ताप आला की दुसरीलाही.

१७ जानेवारी, गुरुवार

पहिली बैठक. त्यांच्या बाजूची मेरेडिथ म्हणून एक आई आहे, वकील. घरून केक करून आणला होता. म्हणाली, "विविधता आम्हाला मनापासून हवीय. फक्त दर्जाशी तडजोड नको."

आमचे म्हातारे अल्सीड काका केक खात म्हणाले, "म्हणजे आमची पोरं हवीत, पण निवडून-टिपून."

मेरेडिथ कानापर्यंत लाल. मग तिने सुचवलं — सगळ्यांना घेऊ, आधी एक परीक्षा घेऊ, कोणाला कुठल्या वर्गात बसवायचं तेवढं ठरवण्यापुरती. काका म्हणाले, परीक्षा म्हटली की बाहेर आमचीच राहतात, हे आम्ही आजोबांच्या काळापासून बघतोय. दोन तास तेच. मी वहीत रेघा ओढत बसले.

इथे लिहायला काय हरकत आहे? सगळ्यांना सरसकट घेतलं तर दोन वर्षांत ती शाळाही आमच्यासारखी होईल असं मला वाटतं. मग ओडेलला घेऊन मी कुठे जाऊ? हे बाहेर बोलले तर लोक मला फाडून खातील. आणि मी त्यांच्याच आळीत वाढलेली!

२६ जानेवारी, शनिवार

परीक्षेच्या बाजूने मत दिलं. चार विरुद्ध तीन, त्यांच्यातलाही एक जण विरोधात गेला. चौथं मत माझं.

काकांनी टोपी घातली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. मेरेडिथने माझे दोन्ही हात धरले. "तुमच्यासारखे पालक आहेत म्हणून हे जमतंय." तुमच्यासारखे म्हणजे कसे, ते नाही विचारलं.

४ फेब्रुवारी, सोमवार

छापील नियम आले. परीक्षा याच शनिवारी. शंभरात चाळीसच्या खाली गुण पडले तर 'अधिक योग्य अशी दुसरी शाळा सुचवण्यात येईल'. म्हणजे बाहेर! समितीत याचा कोणी उच्चारही केला नव्हता. मेरेडिथला फोन केला. म्हणाली, "ते अगदीच मागे पडलेल्यांसाठी. तुमच्या ओडेलला कसली भीती?"

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. तिथेच भांडायला हवं होतं.

अर्लीन गेल्या सोमवारपासून घरी आहे. लाल घेवडा-भात घेऊन चौघी जेवायला बसलो आणि तिने विषय काढला.

"केझियाला दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो, माहीत होतं ना तुला?"

"होतं."

"तरी मत दिलंस?"

"अगं, वर्ग ठरवण्यापुरती म्हणाले होते. मी घेते ना तिचा अभ्यास."

"पाच दिवसांत? हे बघ लोरेट, तुझी काय, बसेलच आत. पेपर कोरा दिला तरी बसेल. आता तू त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसतेस."

"पोरींसमोर नको."

"का? त्यांचंच चाललंय ना सगळं?"

ओडेल बशीतला घेवडा एकेक करून बाजूला काढत होती. मग तिने विचारलं, "मम्मा, आमच्यातली दर्जा कोण आणि विविधता कोण?" केझिया हसली, मग उठून आत गेली.

७ फेब्रुवारी, गुरुवार

केझिया वाचते, रडते, परत वाचते. ओडेल मध्येच शब्द सांगते. आज तिच्यावर खेकसले — परीक्षेत तू असणार आहेस का शेजारी?

९ फेब्रुवारी, शनिवार

झाली एकदाची. आम्ही बाहेर फुटपाथवर उभे. समोर लोक आतापासून कार्निव्हलची मिरवणूक दिसावी म्हणून पोरांना वर बसवायच्या शिड्या रंगवत बसले होते. अर्लीन माझ्याशी बोलत नाही, पण कॉफी आणून दिली. सोमवारी ती परत फलाटावर.

ओडेल बाहेर आली ती उड्या मारत. "मस्त गेला!" केझिया सरळ गाडीत जाऊन बसली.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

केझिया ब्याण्णव. ओडेल एकतीस.

एकतीस!! नावं परत परत वाचली. ओडेल म्हणाली, "ठीक आहे, मम्मा." आणि दूध प्यायला लागली. तो थंडपणा बघून माझं डोकंच फिरलं. नाही नाही ते बोलले. आळशी म्हणाले, माज चढलाय म्हणाले, तुझ्यासाठी मी सगळ्या आळीचे शिव्याशाप घेतले आणि तू हे असे पांग फेडतेस, म्हणाले. केझियाच्या देखत. केझियाला उलटी झाली.

अर्लीनचा फलाटावरून फोन. ढसाढसा रडत होती. "लोरेट, तू शिकवलंस गं तिला. मी काय काय बोलले तुला." मी म्हटलं, असू दे. आनंद झाल्यासारखं बोलले. झाला का? नाही झाला. माझ्या बहिणीची पोर पास झाली आणि मला वाईट वाटतंय, इतकी मी हलक्या मनाची बाई आहे.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

मेरेडिथचा फोन. "काहीतरी गडबड झालीय. मी आमच्या मंडळाच्या अध्यक्षांशी बोलते. ओडेलची जागा करून देऊ, कोणाला कळायचं नाही. आम्हाला अशा मुली हव्याच आहेत."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ, उघडलं होतं. पण आमची निम्मी पोरं बाहेर गेलीत, अल्सीड काकांची नात त्यात आहे. माझ्या मताने गेलीत. आता माझी मागच्या दाराने आत घालू आणि काकांना चर्चमध्ये तोंड कसं दाखवू? म्हटलं, "नको. ज्याचा पेपर त्याचे गुण. माझ्या मुलीसाठी वेगळा नियम नको."

संध्याकाळी समितीतही सगळ्यांसमोर हेच सांगितलं. परीक्षेला हो म्हणाले ती चूक होती, हेही सांगितलं. काका उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. मेरेडिथ देत होती ती जागा तिथल्या तिथे प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलाला गेली. जाऊ दे. महिन्याभरात आज पहिल्यांदा नीट जेवले.

पोरींना अजून काही सांगितलं नाही.

१ मार्च, शुक्रवार

आज ओडेलला सांगितलं, मेरेडिथ जागा देत होती, मी नको म्हणाले. वाटलं, पोरीला कळू दे, आई लाचार नाही. तिने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं.

दोघींनी पेपरांवर एकमेकींची नावं घातली होती. कल्पना ओडेलची. केझिया नको नको म्हणत होती. आता बोलले तर केझिया बाहेर, आणि लबाडी केली म्हणून ओडेललाही घेणार नाहीत; मेरेडिथ देत होती ती जागा तर गेलीच.

मी विचारलं, "का गं? का असं केलंस?"

"केझियाला कोण आत घेणार होतं? मला वाटलं, मला तू घेशील."