उजव्या दंडावरची पेटी

रेल्वे कॉलनी, भुसावळ
सोमवार, १६ नोव्हेंबर १९८७

चि. मिल्का हिस बिन्यामीनदादाचे आशीर्वाद. आम्ही बापलेक खुशाल आहोत. सावद्याची केळी पाठवली होती, पोचली असतील.

स्पष्टच विचारतो. माझ्या शालोमला सकाळच्या प्रार्थनेची तेफिलीन बांधायला कोणी शिकवलं? मला कळलं तेही शेजारणीकडून. धुळ्याकडच्या सुमनबाई काल म्हणाल्या, "भाऊ, पोऱ्याना हातले काय बांधेल शे?" मी म्हणालो, मुका मार असेल. आज त्याच्या उशीखाली पाहिलं, तर तेफिलीनच्या चामडी पट्ट्याचं टोक आणि पासपोर्टचा फॉर्म.

उन्हाळ्यात तो ठाण्याला तुझ्याकडे पंधरा दिवस राहिला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. तुझे दोघे मुलगे इस्राएलला गेले. कॉलनीतली आपली पाच ज्यू घरंही तिकडेच गेली, आता आम्हीच उरलो. पढवलं असशील त्याला छान: एक पेटी दंडावर हृदयापाशी, एक कपाळावर, आत तोराहची वचनं, म्हणजे हात, मन आणि बुद्धी एका देवाशी बांधलेली. आणि बापाशी कोण बांधलेलं?

मी का बांधत नाही, तो विषय नको.

मंगळवार सकाळ

पत्र टाकलं नाही ते बरं झालं. आज मुद्दाम लवकर उठून त्याच्या दारात उभा राहिलो. पेटी माझीच, ट्रंकेतली. आणि बांधली होती उजव्या दंडावर. तुला माहीतच आहे, आपल्यात सगळे डाव्यावर बांधतात, फक्त डावखुरा उजव्यावर. शालोम उजवा. घरात डावखुरा मी एकटा. तुझ्याकडे शिकला असता तर ही चूक झाली नसती.

त्याने सोडल्यावर विचारलं. म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत, बाबा. आई होती तोवर रोज दारातून बघायचो."

सिपोरा गेली त्या सकाळी दवाखान्यातही मी बांधली होती. नंतर चौदा वर्षं हात लावला नाही. देवावर रुसलो, लोकांना ड्यूटीचं कारण सांगितलं. पोराला तेराव्या वर्षी शिकवायचं असतं, तेही केलं नाही.

आज शिकवलं. गाठ उलटी करून डाव्या दंडावर बांधून दिली, मनगटापर्यंत सात वेढे. दंडावरची बांधल्यापासून कपाळावरची बांधेपर्यंत बोलायचं नसतं, म्हणून थांबलो. मग विचारलं, जाणार का? हो म्हणाला. कागद त्याने स्वतःच मागवलेत.

जाऊ नकोस, हे माझ्या तोंडून निघालं नाही. मिल्का, तुझं तो ऐकतो. तू लिही त्याला, थांब म्हणून. माझं नाव सांगू नकोस.

तुझ्यावर खोटा आळ घेणारा,
बिन्यामीनदादा