नऊ दिवसांच्या भाकऱ्या

तलासरी
२८ डिसेंबर

प्रिय जिव्यादादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या सुषमाच्या हाती देतेय. तिला सांगितलंय, मोठ्यानं वाच, आणि बाप मधेच उठून गोठ्यात गेला तर मागोमाग जाऊन वाच.

आम्ही बरे आहोत. तुझ्या मेहुण्याच्या, नितीनच्या पायाची सूज पार उतरली, तो कामावर जायला लागला. देवाची कृपा. आता एक तारीख आली. त्या सकाळी आमच्या चर्चमध्ये प्रत्येकानं उभं राहून सरत्या वर्षातल्या एकाच गोष्टीचे आभार मानायचे, अशी रीत आहे. सोनीबाई दरवर्षी तिच्या शेळीचे मानते, आणि पाळक दरवर्षी सांगतात, बाई, शेळी देणाऱ्याचे मान! मी मात्र यंदा अडले आहे. नितीन वाचला, हेच म्हणायला हवं. पण तोंडाशी दुसरंच येतंय.

बाबांच्या दिवसाचं जेवण तुला आठवत असेलच. मला येशूच्या मार्गाला लागून तेव्हा दोनच वर्षं झाली होती. नव्याचा जोर फार. देवांना आणि पितरांना दाखवलेलं अन्न म्हणून सगळ्या भाऊबंदांदेखत मी भरल्या पानावरून उठले. तू पुढे झालास. माझं पान स्वतः उचललंस आणि पुढे तीन वर्षं बोललाच नाहीस. मी देवाची बाजू घेतली असं तेव्हा वाटलं होतं. खरं तर मी फक्त तुझा अपमान केला.

मग जुलैत नितीनला फुरसं चावलं, सापाचं विष पायात चढलं. कासा गावच्या दवाखान्यात आम्ही नऊ दिवस होतो. रोज सकाळी वॉचमन फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी आणून द्यायचा. कोणी दिलं विचारलं, तर म्हणायचा, नाव सांगू नको म्हणालेत. अरे, नाव कशाला हवं? मधे जाड, कडेला करपलेली नागलीची भाकरी आपल्या घराण्यात एकटा तूच करतोस! पुढे सुषमाकडून कळलं, गंगीवहिनी माहेरी होती, शेतात रोपं लावायची तशीच पडली होती, आणि तू पहाटे उठून भाकऱ्या थापून गंजाडहून जीपनं यायचास. माझ्याशी अबोला धरलास, पण मला उपाशी ठेवलं नाहीस. मी त्या फडक्यात तोंड खुपसून रडले, दादा.

पाळक म्हणतात, नव्या वर्षात आशेनं पाऊल टाका. ते पाऊल आधी तुझ्या उंबऱ्यावर पडायला हवं, एवढं मला कळलंय. म्हणून लिहितेय. एक तारखेला मी उभी राहून तुझ्या नावानं आभार मानणार आहे, आणि चर्च सुटलं की आम्ही दोघं तुझ्याकडे जेवायला येतोय. नव्या तांदळाचा भात तू देवाला दाखवतोस तसाच दाखव, माझ्यासाठी रीत मोडू नकोस. मी माझ्या येशूचे आभार मानून जेवेन. भाकरी मात्र तुझ्याच हातची हवी, करपलेली चालेल. माझं पान मांडून ठेव. या वेळी मी उठणार नाही.

तुझीच,
चंद्रिका