सतरा हात कमी

४ मार्च
बंदर कार्यालय आमच्या बेटावरचा धक्का पाडणार आहे, म्हणून मला लिहावं लागतंय. हरकत असेल तर पंधरा दिवसांत धक्क्याचा इतिहास लेखी द्या, असं पत्र आलं. शेतकरी समितीत सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही इतिहासात बीए ना?" — हो, बेचाळीस वर्षांपूर्वी. नंतरचा जन्म बटाट्यांच्या शेडमध्ये लहान-मोठे निवडण्यात गेला. पण नाही म्हणेन तर मी कसली!

५ मार्च
पहिलं वाक्य: "धक्का आमच्या आजेसासऱ्यांनी बांधला. ओहोटीला बोट धक्क्यापासून सतरा हात लांब राहते, ही त्यांची दूरदृष्टी. बोट आपटू नये म्हणून." लग्न झाल्यापासून घरात हेच ऐकलं. स्वतः लिहिल्यावर मात्र पटेना.

६ मार्च
गुडघा. काही लिहिलं नाही.

८ मार्च
म्हातारा सुतार त्याच्या आजोबांची वही घेऊन आला. धक्क्याचे खांब त्यांनीच ठोकले होते. वहीत स्वच्छ लिहिलंय: खोल पाणी दोनशे हातांवर. मालकांनी, म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांनी, अंतर शेत मोजायच्या दोरीनं मोजलं. दोरी भिजली, आखडली. सतरा हात कमी भरले. मालक म्हणाले, बोलू नकोस.

म्हणजे समुद्र शेतासारखा मोजला! मी इतकी हसले की सुतार घाबरून पाणी आणायला उठला. दूरदृष्टी म्हणे.

९ मार्च
वन्संना सांगितलं. चूकच झाली.
"वहिनी, आजोबांचा फोटो समितीच्या भिंतीवर आहे. उद्या पोरं त्याला हसतील."
"हसू देत. निदान बघतील तरी."
"आणि कार्यालयाला काय, हातात कुऱ्हाड देणार? धक्का पहिल्या दिवसापासून तोकडा, असं आपणच लिहून?"
मी चहा पुढे केला. त्या चहा न पिता गेल्या. चहा न पिणं म्हणजे त्यांच्याकडे युद्ध.

१२ मार्च
दोन इतिहास लिहिले. एक खरा, एक सोयीचा. सोयीचा जास्त चांगला वाचला जातो, याचा राग आला. फाडला.

१४ मार्च
वन्सं आल्या. बसल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "लिहायचंच तर पूर्ण लिहा. पहिली बोट आली तेव्हा आजोबा लाजेनं कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि पोतं डोक्यावर घेऊन बोटीकडे निघाले. मालक उतरला म्हटल्यावर बाकीचे काठावर कसे राहणार? तेव्हापासून रांग."

रांग! ओहोटीला आजही धक्क्याच्या टोकापासून बोटीपर्यंत सगळं बेट पाण्यात उभं राहतं. पोती हातोहात जातात. जमीनदार आणि मजूर शेजारी शेजारी, अबोला असलेल्या जावा-जावासुद्धा. माझं लग्न त्या रांगेतच ठरलं. शेजारी उभ्या माणसानं माझ्या पायावर पोतं पाडलं.

रात्रभर नाही, पण जेवणापर्यंत लिहिलं. वन्संनी दोन कप चहा घेतला.

१८ मार्च
बंदर कार्यालयाचे साहेब पाहणीला आले, नेमके ओहोटीला. इतिहास उभ्यानंच वाचला.
"बाई, हे तुम्ही स्वतः लिहून देताय? बोट लागत नाही असा धक्का ठेवायचा कशाला?"
"बोट आलीच आहे. बघा," मी म्हणाले.
रांग लागली. मध्ये एक माणूस कमी पडत होता. वन्सं साहेबांना म्हणाल्या, "अहो, बूट काढा, नाहीतर खारवतील." त्यांनी खरंच काढले! अडीचशे पोती, अर्ध्या तासात. साहेबांचा शर्ट मातीनं माखला आणि ते कुणाशी तरी बटाट्यांवरून वाद घालत होते. मी पंचवीस वर्षांची असल्यासारखी हसत होते. शोभलं नसेल.

जाताना साहेब गंभीर झाले. म्हणाले, "पाडणार नाही. पण कार्यालयही यापुढे बघणार नाही. कोणाच्या तरी नावावर करावा लागेल." समितीचे सगळे पुरुष एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले.

१९ मार्च
दिला: इतिहास, चौदा पानं, खाडाखोडीसकट.
घेतला: धक्का, एक, आहे तसा. डागडुजी आणि जबाबदारी सही करणाऱ्याची.
साक्षीदार, वन्सं.
सही माझी.